म्हशीची बिरुदं

धारवाडला, आमच्या मालमड्डीच्या घरात आम्ही तिघं राहायचो, अप्पा, आई आणि मी. चौथा एक राजा होता. तो आठशे वर्षांपूर्वी कधीतरी वारला होता, पण मुक्काम आमच्याकडेच होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. अप्पा कॉलेजात संस्कृत शिकवायचे. एका मठातल्या जुन्या पोथीची हातानं उतरवलेली नक्कल त्यांच्याकडे आली होती आणि तिच्यात या राजाच्या स्तुतीचं एक गाणं होतं, शब्दांवर स्वरांची अक्षरं मांडलेलं. सा, री, ग अशी नुसती अक्षरं. कुठला स्वर किती लांबवायचा, कुठं थांबायचं, काही पत्ता नाही. शिवाय तिसऱ्या ओळीतली चार अक्षरं कसरीनं खाल्लेली. हे गाणं पुन्हा माणसाच्या गळ्यातून निघालं पाहिजे, एवढीच अप्पांची आयुष्याकडून अपेक्षा होती. त्यांच्या बरोबरीच्या लोकांना सप्तापुरात घर बांधायचं असायचं, मुलीचं लग्न उरकायचं असायचं. अप्पांकडे मुलगी होती ती मी, कमल, आणि गाण्यासाठी लागणारा गळाही माझाच होता, त्यामुळे लग्नाचा विषय आमच्याकडे बरीच वर्षं निघाला नाही. याबद्दल मी त्या राजाची आभारी आहे.

दर रविवारी सकाळी आमच्या सोप्यात बैठक भरायची. बैठक म्हणजे अप्पा, गोविंदराव मास्तर आणि उप्पिट. मास्तर शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले, विधुर, बोलायला कमी, खायला व्यवस्थित. आणखी दोनतीन जण येऊन बसायचे. त्यांना जुन्या संगीताची आवड आहे असा अप्पांचा समज होता. उप्पिटाची आहे असा आईचा. एका रविवारी आईनं मुद्दाम नुसतं ताक ठेवलं, आणि पुढच्या रविवारी फक्त मास्तर आले. तेव्हापासून आईनं त्यांच्यासाठी शेंगांची चटणी वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली, आणि उप्पिट परतल्यावर बाकीचेही परतले. रव्याचा खमंग वास, कढीलिंबाची फोडणी तडतडलेली, आणि त्यातून अप्पांचा आवाज, "मास्तर, इथं ऋषभ दोन मात्रांचा धरला तर काय होईल?" मास्तर घास गिळून सांगायचे, "धरून बघू की." माझ्या लहानपणाचा आवाज कुठला असं मला कुणी विचारलं तर मी हाच सांगते.

नुसता गळा पुरेना म्हणून वाद्य करायचं ठरलं. पोथीत किन्नरी नावाच्या वीणेचं वर्णन होतं. वेळूची दांडी, तिला तीन भोपळे, आणि पडदे गिधाडाच्या हाडांचे. वेळू अळणावरच्या बाजूनं आला. भोपळे जुन्या हुबळीत तंबोरे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं दिले, मात्र तीन भोपळ्यांचं हे काय म्हणून पुन्हा पुन्हा विचारत दिले. हाडांसाठी अप्पांनी ओळखीच्या लोकांकडे गिधाडांची चौकशी चालवली. आईनं एकदाच सांगितलं, "हाडं आत येणार असतील तर मी बेळगावला भावाकडे जाते. तुम्ही आणि गिधाडं बघून घ्या." मग मास्तर तारिहाळला एका लेथवाल्याकडे गेले आणि पितळेचे पडदे कातून घेऊन आले. हा कुठल्या मशिनचा पार्ट म्हणून त्यानं विचारलं होतं. मास्तरांनी सांगितलं, आठशे वर्षं बंद पडलंय, चालू होतंय का बघतोय. ते पडदे बसवायला पोथीत मेण आणि जुन्या कापडाची राख सांगितली होती. अप्पांनी कपाटातून हाताला आलेलं जुनं कापड घेतलं आणि कापून जाळलं. ते आईच्या जांभळ्या इरकल साडीचा पदर होता. आईनं उरलेली साडी हातात धरून बराच वेळ बघितली. मग, "आठशे वर्षांत दुसरं कापड मिळालं नाही काय?" एवढंच म्हणाली आणि ती बिनपदराची साडी यल्लव्वाला देऊन टाकली.

यल्लव्वा आमच्याकडे अकरा वर्षं धुणंभांडी करत होती. पहाटे यायची, मागच्या पडवीत राख आणि काथ्या घेऊन बसायची, आणि त्याच पडवीत त्याच वेळी मी रियाजाला बसायचे, कारण पुढच्या सोप्यात अप्पा झोपलेले असायचे. वर्षातून एकदा, आषाढात, ती महिनाभर भातलावणीला गावी जायची. तेव्हा भांडी मी घासायचे. तिचं गाव कुठलं हे आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं. "यल्लव्वा गावाला गेलीय," एवढं पुरायचं. अप्पांना त्या राजाच्या सात पिढ्या पाठ होत्या, आज्याच्या धाकट्या भावासकट. पण त्यांच्या एकट्याच्या नावावर हे कशाला घालू? मलाही माहीत नव्हतं, आणि मी तर रोज तिच्याशेजारी बसत होते.

राजाचं गाणं म्हणजे मुख्यतः त्याच्या बिरुदांची, पदव्यांची यादी होती. पहिल्या दोन ओळींत त्यानं कुणाकुणाला हरवलं ते. तिसऱ्या ओळीत एक भलं मोठं बिरुद, शत्रुरूपी हत्तींच्या कळपाला फाडून काढणारा सिंह. ते एका दमात म्हणायचं होतं, कारण बिरुद मध्येच तोडणं हा दोष, असं पोथीत बजावून लिहिलेलं. शब्द शाबूत होते, पण नेमके इथलेच स्वर कसरीनं खाल्लेले. तिथं अप्पांनी आपल्या अंदाजानं वर चढत जाणारे लांबलचक स्वर घातले होते. त्यांच्यावर मी दोन वर्षं डोकं आपटलं. हत्तींपर्यंत पोचले की माझा दम संपायचा. मी हंss करून श्वास घ्यायचे आणि मग सिंहाकडे जायचे. "कमल, राजाला हत्तींत सोडून तू श्वास घेतेस!" अप्पा वैतागायचे. "आठशे वर्षांपूर्वीच्या गायकांना काय छाती नव्हती?" मी म्हणायचे, त्या गायकांना सकाळी आठला कॉलेज नव्हतं. हे मनातल्या मनात. उघड मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. यल्लव्वा मान वर न करता विचारायची, "इदेनवा, हाडतियो अळतियो?" गातेस का रडतेस. मला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं.

मग पुण्याहून एक डॉक्टर आले. औषधाचे नव्हेत, जुन्या संगीताचे. असली लिपी वाचून गाता येत नाही, कुणी गातो म्हणत असेल तर ते त्याच्या मनाचं आहे, असं त्यांचं मत होतं आणि त्या विषयात त्यांच्या मताला वजन होतं. अप्पांनी महिनाभर तयारी केली. मी गायले, मास्तरांनी किन्नरी वाजवली, एक पडदा मेण सुटून खाली पडला, तो मास्तरांनी न बोलता खिशात टाकला. तिसऱ्या ओळीत मी श्वास घेतला. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी दोनदा उप्पिट घेतलं, माझा आवाज चांगला आहे म्हणाले, आणि हात पुसत अप्पांना विचारलं, "पण हे असंच गायचे, याला पुरावा काय? तुम्ही कागदावर लिहिलंत आणि मुलीकडून म्हणून घेतलंत. तुमच्या घराबाहेर हे कुणाच्या तोंडी आहे का? कुठं एखाद्या जुन्या बाईच्या, एखाद्या जोगत्याच्या? तसं काही सापडलं तर मी माझं म्हणणं मागं घेईन." अप्पा त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर त्यांनी टोपी काढली नाही, तसेच खुर्चीत बसून राहिले. त्यांचा असा चेहरा मी त्याआधी पाहिलेला नव्हता आणि मला त्या डॉक्टरांचा मनस्वी राग आला.

पुढचं वर्षभर अप्पा, मास्तर आणि मी खेडोपाडी फिरलो. बरोबर उसना आणलेला टेपरेकॉर्डर, शिदोरीला भाकरी, झुणका आणि लसणीची चटणी. अप्पा विचारायचे, मास्तर ऐकायचे, मी लिहून घ्यायचे. आम्ही जात्यावरची गाणी ऐकली, हळदीची ऐकली, एका गावात तर म्हाताऱ्यानं आमच्यासाठी खास सिनेमाचं गाणं म्हटलं आणि पुन्हा लावून ऐकवा म्हणून हट्ट धरला. राजाच्या गाण्याचा कुठं मागमूस नव्हता. अप्पा बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत बसायचे. रविवारी आम्ही घरी नसलो तरी उप्पिटाची माणसं सवयीनं यायची, म्हणून आई घरी थांबायची आणि यल्लव्वाही. ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरणार होती, पण उप्पिटाला कोण महत्त्व देतं?

भाद्रपदातल्या एका रविवारी आम्ही अळणावरच्या पलीकडल्या एका गावी उतरलो. शेतं हिरवीगार, लावणी होऊन गेलेली, बायका देवळाच्या कट्ट्यावर निवांत होत्या. त्यांनी चारदोन गाणी म्हटली, अप्पांनी मान डोलावली, मी लिहून घेतली. मग एका तरुण बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं आणि त्या हसत हसत म्हशीचं गाणं म्हणायला लागल्या. करी एम्मी, म्हणजे काळी म्हैस. पहिल्या ओळीत तिनं कुणाकुणाचं शेत खाल्लं. दुसऱ्या ओळीत तिनं कुणाकुणाला लाथ घातली. मास्तरांचा हात माझ्या दंडावर आला आणि तिथंच राहिला. चाल आमची होती. स्वर न् स्वर आमचा होता, फक्त आमच्यापेक्षा भरभर, टाळ्यांवर, वाकलेल्या कमरेला सोयीचा. तिसऱ्या ओळीत म्हशीचं मोठं बिरुद होतं, शेजारणीच्या कुंपणाला शिंगांनी फाडून काढणारी आणि तरी थेंबभर दूध न देणारी. त्या शिंगांपर्यंत आल्या, सगळ्याजणींनी एकदम हंss करून श्वास घेतला, आणि मग दुधाकडे गेल्या.

अप्पा रडत होते. त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांनी टेपरेकॉर्डर धरला होता. गाणं संपल्यावर त्यांनी एका दात पडलेल्या आजीला विचारलं, हे किती जुनं. ती म्हणाली, "हिंदिनिंद बंदद्द." मागनं आलंय. अप्पांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मागनं म्हणजे कधीपासून, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

मला तहान लागली म्हणून मी आडावर गेले. कोपरानं ढोसणारी ती तरुण बाई पाणी शेंदत होती. तिनं जांभळी इरकल नेसली होती आणि तिला पिवळ्या छापील कापडाचा पदर जोडला होता. जोडाजवळ कात्री वाकडी गेलेली दिसत होती. अप्पांना सरळ कापता कधीच आलं नाही. मी विचारलं, साडी कुणी दिली. ती म्हणाली, सासूनं. सासू धारवाडात कॉलेजच्या मोठ्या मास्तरांच्या घरी काम करते, आज रविवार म्हणून तिला तिथं फार भांडी असतात. आणि गाणं? "अत्तीनच कलसिदळु," ती म्हणाली. सासूनंच शिकवलं, गेल्याच्या गेल्या लावणीला. हात भरभर चालतो म्हणाली. तिनं माझ्या ओंजळीत पाणी घातलं. ते मी प्याले की सांडलं, मला आज आठवत नाही.

म्हणजे आठशे वर्षांची परंपरा आमच्याच मागच्या पडवीतून निघाली होती, दोन आषाढांपूर्वी. आणि घरी त्या क्षणी ती उप्पिटाची कढई घासत होती.

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. परतीच्या बसमध्ये मी तोंड उघडलंही होतं. पण अप्पाच आधी बोलले. "कमल, तो श्वास. त्या बायकांनीसुद्धा तिथंच घेतला. म्हणजे तो दोष नव्हताच, ती रीत होती. तुझ्या गळ्याला ते कळलं होतं आणि मला कळलं नाही. दोन वर्षं तुला उगीच बोललो. माझं चुकलं बघ." अप्पांच्या तोंडून हे दोन शब्द मी तोवर ऐकले नव्हते, आईनंही नसावेत. मी खिडकीकडे तोंड केलं. मला इतकं बरं वाटलं की त्याची लाज वाटली, आणि इतकी लाज वाटली की मी काही बोलले नाही. मास्तर पुढच्या सीटवर झोपले होते, किंवा तसं दाखवत होते.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "हे बघ," ती म्हणाली, "सांगितलंस तर ते जेवणार नाहीत. नाही सांगितलंस तर तू जेवणार नाहीस. दोन्हीकडून माझ्या भाकरी उरणार आहेत. तुझं तू ठरव." मी ठरवलं नाही. अप्पांनी लेख लिहायला घेतला. मी त्याची स्वच्छ प्रत करून दिली, सुवाच्य अक्षरात, एक चूक न करता. सामान्य लोकांनी राजाच्या जागी म्हैस आणली पण चाल कशी प्राणपणानं जपली, यावर त्यात तीन पानं होती. पुण्याच्या डॉक्टरांना पत्र गेलं आणि ते येतो म्हणाले. धारवाडातल्या एका सभागृहात कार्यक्रम ठरला, गावच्या बायकांना आणायला टेम्पो सांगितला. यल्लव्वा रोज यायची, काथ्यानं भांडी घासायची, आणि मी गायला बसले की तोंडातल्या तोंडात म्हैस पुटपुटायची. आता ती मला स्वच्छ ऐकू यायची. कार्यक्रमाला दोन दिवस उरले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अप्पा भर सभेत उभे राहतील, टेम्पोतून उतरलेल्या बायका यल्लव्वाचं नाव घेतील, आणि डॉक्टर हात पुसत हसतील. ते हसणं मला सहन झालं नसतं.

त्या शुक्रवारी सकाळी अप्पा मागच्या पडवीत लेख वाचत येरझारा घालत होते. मी म्हटलं, "अप्पा, यल्लव्वाला तिचं गाव विचारा की."

"कशाला?"

"विचारा की."

ते थांबले. यल्लव्वाकडे वळले. अकरा वर्षांत ते तिच्याशी थेट बोलल्याचं मला आठवत नव्हतं. काही सांगायचं असलं तर आईमार्फत. "यल्लव्वा, निम्मूर यावदवा?" त्यांनी विचारलं.

तिनं गावाचं नाव सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. तिथं फोन घेऊन जाणारे आधीच पुष्कळ झालेत. अप्पांच्या लेखात ते नाव चौदा वेळा आलं होतं. अप्पांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिथलं म्हशीचं गाणं बायकांना कुणी शिकवलं, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. यल्लव्वा मोकळेपणानं हसली. "नानं री." मीच. आणि मग ती आनंदानं सांगत सुटली, की कमलव्वा रोज तेच रडते, ऐकून ऐकून पाठ झालं, चाल कामाला बरी आहे, पण आमच्या बायकांना राजाचं काय घेणं, म्हणून आपली म्हैस घातली. म्हैस खरी आहे, दिराची आहे.

"हे मला सांगितलं का नाहीस?" अप्पांनी विचारलं.

"नीवु केळलिल्लरी, अप्पार," यल्लव्वा म्हणाली. तुम्ही विचारलं नाहीत. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिनं पुढचं पातेलं ओढलं आणि घासायला लागली.

अप्पा माझ्याकडे वळले. "तो श्वास?"

"माझाच, अप्पा. दम पुरत नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अकरा वर्षं ही बाई माझ्या घरात येते," ते म्हणाले आणि आत गेले. दुपारी जेवले नाहीत, रात्रीही नाहीत. आईनं उरलेल्या भाकऱ्या मोडून फोडणीला टाकल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. मीही खाल्ल्या नाहीत. शनिवारी सकाळी टेम्पो रद्द करायचा का, असं मास्तरांनी विचारलं. अप्पा म्हणाले, "नको. त्यांनी लुगडी धुऊन ठेवली असतील."

रविवारी सभागृहात तीसेक माणसं होती. अप्पा उभे राहिले, वर्गात बोलायचे त्याच आवाजात त्यांनी आपला लेख चूक असल्याचं सांगितलं, आणि कसा चूक ते एकेक पायरी समजावून दिलं. पडवी, भांडी, आषाढ, मी नंतर सांगितलेली साडी, काही वगळलं नाही. यल्लव्वाचं पूर्ण नाव घेतलं आणि गावाचंही. लोक हसले. अप्पांनी त्यांचं हसू संपायची वाट पाहिली. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, पण त्याच वेळी त्यांच्याबद्दल एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पुरावा राहिला नाही."

"नाही."

"मग आज आम्ही ऐकायचं काय?"

"म्हशीचं गाणं," अप्पा म्हणाले. "बसा की."

यल्लव्वा मधे बसली, तिच्या दोन्ही बाजूंना सुना आणि जावा. मास्तरांनी किन्नरी लावली, पण दोन ओळींत मागं पडले आणि वाजवायचं सोडून टाळ्या द्यायला लागले. मी दोन वर्षं जे गायले ते बरोबर होतं. गाणं मात्र हे होतं. माझ्या गाण्यात राजा मेलेला होता. यांची म्हैस जिवंत होती, लाथा मारत होती, आणि मागच्या रांगेतल्या लोकांनी पाय वर घेतले होते. तिसऱ्या ओळीत बायका शिंगांपर्यंत आल्या आणि त्यांच्याबरोबर सगळ्या सभागृहानं श्वास घेतला. डॉक्टरांनीसुद्धा. निघताना ते अप्पांना म्हणाले, "गाणं आहे. पण पुरावा नाही हो." अप्पा म्हणाले, "असू दे की." आणि त्यांना सोडायला स्टेशनवर गेले. परत येऊन टोपी खुंटीला लावली आणि जेवायला बसले. यल्लव्वाचं ताट त्या दिवशी आईनं आतच वाढलं. जेवता जेवता अप्पांनी तिला म्हशीचं वय विचारलं.

पुढं अप्पांनी या सगळ्यावर दोन पानं लिहिली. ती कुणी छापली नाहीत. त्यांच्यामागं गाण्याची नवी प्रत जोडली होती, आणि तिच्यात तिसऱ्या ओळीतले स्वतःचे अंदाजाचे चार स्वर त्यांनी खोडून टाकले होते. कसरीनं खाल्लेली जागा मोकळी ठेवली होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, इथे श्वास घ्यावा. हे मला ते गेल्यावर सापडलं. त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आता मी हुबळीला विद्यानगरात राहते. यल्लव्वा गेली, मास्तर गेले, किन्नरी भिंतीला टांगलेली आहे आणि तिचा एक पडदा अजून नाही. तो मास्तरांच्या कुठल्या कोटाच्या खिशात असेल. गेल्या वर्षी एक तरुण संशोधक माझ्याकडे आला. अळणावरकडल्या एका गावात त्याला एक गाणं सापडलं होतं. फोनवरच टिपून आणलं होतं, आणि तिथल्या एका आजीनं त्याला सांगितलं होतं की ते फार मागनं आलंय. चाल निदान आठशे वर्षांची असावी, असं त्याचं मत होतं. डोळे अगदी अप्पांसारखे चमकत होते. मी उप्पिट केलं. त्याचं खाणं होईपर्यंत थांबले आणि मग अप्पांची दोन पानं त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती समासासकट वाचली. मग कागद खाली ठेवून त्यानं नम्रपणे विचारलं, "आजी, हे खरंच असं घडलं, याला दुसरा काही पुरावा आहे काय?"

मी त्याला फोनमधलं गाणं लावायला सांगितलं. फोनमधल्या बायका म्हशीचं गायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर मी राजाचं. आवाज आता फाटतो, पण चाल सुटली नाही. तो एकदा फोनकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. तिसऱ्या ओळीत त्या शिंगांपाशी आल्या, मी हत्तींपाशी आले, आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच श्वास घेतला.